लेहची बस आणि तोट्याचा हिशेब

बर्फ वितळून खिंडी मोकळ्या झाल्या की हिमाचल पथ परिवहन महामंडळाची बस दिल्लीहून लेहला निघते. वाट हजार किलोमीटरांहून अधिक. केलाँगला मुक्काम करून ती बारालाचा व सुमारे ५३०० मीटर उंचीची टांगलांग खिंड ओलांडते आणि लडाखच्या थंड वाळवंटात उतरते. साध्या बाकांवर मजूर, विद्यार्थी आणि बेताच्या पैशांचे प्रवासी खांद्याला खांदा लावून बसतात. विमानाचे तिकीट ज्यांना परवडत नाही, त्यांना लडाख जोडणारा दुवा हाच.

अशा मार्गांवर ‘तोट्या’चा शिक्का मारणाऱ्यांना एकच प्रश्न आहे : हा रस्ता राखतो कोण? सीमा रस्ते संघटनेच्या कामांवर झारखंडचे मजूर विरळ हवेत खडी फोडतात. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या त्यांच्यापैकी काहींना विमानाने रांचीला आणावे लागले. ज्यांच्या श्रमावर हा रस्ता उभा आहे, त्यांना त्यावरून स्वस्तात जाता येणे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. रस्त्यावरचा खर्च राष्ट्रकार्य ठरतो. मग त्यावरून धावणाऱ्या बसचा खर्चच तोटा कसा?