शब्द घोकू नका, शब्द उघडा!

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हातात इंग्रजी शब्दांचे एक जाडजूड पुस्तक हमखास दिसते. डावीकडे कठीण शब्द, उजवीकडे त्याचा एका शब्दात अर्थ. विहारातील अभ्यासिकेत पहाटेपासून घोकंपट्टी सुरू असते. त्यांच्या कष्टाबद्दल शंका नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. असे घोकलेले शब्द मुलाखतीच्या खोलीत ऐनवेळी दगा देतात.

शब्द कसा शिकावा, याचा धडा आपल्या घरातच आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. त्यातला कळीचा शब्द ‘एन्डोगॅमी’. ग्रीक भाषेत ‘एन्डो’ म्हणजे आत आणि ‘गॅमोस’ म्हणजे विवाह. आपल्याच गटात लग्न. एवढे कळले की ‘एक्झोगॅमी’, ‘मोनोगॅमी’, ‘पॉलिगॅमी’ हे शब्द न घोकता उलगडतात. शिवाय जात कशावर उभी आहे, तेही समजते.

दुसरा शब्द घ्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेल्या भाषणाचे नाव ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. ‘अ‍ॅनिहिलेशन’च्या पोटात लॅटिन ‘निहिल’ आहे. निहिल म्हणजे काहीही नाही. जातीचे काहीही शिल्लक ठेवायचे नाही! ‘रिफॉर्म’ हा सौम्य शब्द इंग्रजीत होताच. बाबासाहेबांनी तो शीर्षकात घेतला नाही. मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले.

इंग्रजीच्या मागे लागाल तर मातृभाषा विसराल, असा उपदेश आपल्याला अधूनमधून ऐकवला जातो. उपदेश करणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हे एकदा विचारावे. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो मराठीतूनच!

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन खंडरूपाने प्रसिद्ध केले. अनेक घरांत हे खंड कपाटाची शोभा वाढवतात. ते खाली काढा. रोज एक पान वाचा, पाच शब्द निवडा. प्रत्येकाचे मूळ शोधा, त्याची भावंडे शोधा आणि स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य त्या शब्दात लिहा. ज्यांना नोकऱ्या लागल्या, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेला द्यावी.

घोकलेला शब्द निकालापर्यंत साथ देतो. उमगलेला शब्द अन्यायापुढे उभे राहून बोलायला शिकवतो.