वजन डोक्यावर, ओझं कमरेवर!

सुरुवातीलाच कबुली देतो. मी कॉन्व्हेंटवाला. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. पण विषयच असा आहे की लिहिल्याशिवाय राहवेना. विषय आहे कंबर. नाही नाही, सिनेमातली नव्हे. आपली, होस्टेलच्या पोरांची, दुखणारी!

संध्याकाळी सहानंतर आपल्या होस्टेलच्या जिममध्ये एक चक्कर मारून बघा. एक बार, थोड्या गंजलेल्या प्लेटी, तडा गेलेला आरसा आणि भोवती सात-आठ भावी इंजिनिअर. उभं राहून खांद्यापासून बार सरळ डोक्यावर ढकलायचा, त्याला म्हणतात 'ओव्हरहेड प्रेस'. दिसायला एकदम सोपा. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या लेक्चरला बाकावर बसताना अर्ध्या जणांच्या तोंडून 'आई गं!' निघतं.

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. फर्स्ट इयरचा एक मुलगा 40 किलो लावून उभा होता. चार वेळा वर नेलं आणि म्हणाला, "दादा, बास. कंबर धरतेय." मी ओरडलो, "अरे काही होत नाही! लास्ट वन! उचल!" पाचवा गेला खरा वर, पण पोरगा धनुष्यासारखा मागे वाकला होता. आम्ही टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्याला फाइल मारायला उभं राहता येईना. चार दिवस मेसचं ताट रूमवर न्यावं लागलं. एकदा ताट घेऊन मीच गेलो, तर त्याच्या आईचा फोन चालू होता. त्याने तो माझ्या हातात दिला. "तुम्ही मोठे आहात ना तिथे, जरा लक्ष ठेवा हं त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. मी "हो काकू" म्हटलं. 'लास्ट वन' कोण ओरडलं होतं, ते त्याने घरी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. आपली कंबर दुखते त्यात व्यायामाचा दोष कमी आणि आपल्या आकड्याच्या हावेचा जास्त!

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. मोमेंट म्हणजे फोर्स गुणिले अंतर. 40 किलोचा बार कमरेच्या मणक्यापासून 10 सेंटीमीटर पुढे राहिला, तर साधारण 39 न्यूटन-मीटरचा मोमेंट तयार होतो. तो पेलणाऱ्या पाठीच्या स्नायूंना मणक्याजवळ जेमतेम 5-6 सेंटीमीटरचा लिव्हर आर्म मिळतो. म्हणजे या बारसाठीच त्यांना 65 ते 80 किलोइतका जोर लावावा लागतो. मग तोल सांभाळायला शरीर मागे झुकतं, पोट पुढे येतं, बरगड्या वर उघडतात आणि भार मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांवर जातो. गंमत म्हणजे मागे झुकलं की छातीचे स्नायू मदतीला येतात, त्यामुळे वजन वर जातंही! आपल्याला वाटतं ताकद वाढली. वाढलेली असते फक्त कमरेची उधारी.

हा रोग आपल्याच होस्टेलचा आहे असं समजू नका. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये 1928 पासून प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे तीन प्रकार असायचे. पुढे पुढे प्रेस करताना खेळाडू इतके मागे झुकायला लागले की कुठला प्रेस खरा आणि कुठला खोटा हे पंचांना ठरवता येईना. शेवटी 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस हा प्रकारच काढून टाकला. जगातल्या सर्वोत्तम लोकांना जो मोह आवरला नाही, तो आपल्याला पोहे आणि चहाच्या जोरावर कसा आवरणार? म्हणून नियम हवेत.

आता नीट करायचं कसं? आमच्या शाळेत असेंब्लीला सिस्टर ओरडायच्या, "चेस्ट आउट!" प्रेस करताना नेमकं तेच विसरा. छाती फुगवली की बरगड्या वर आणि कमरेला बाक. पाय कमरेइतके रुंद ठेवा, गुडघे सरळ, पार्श्वभागाचे स्नायू घट्ट आवळा. पोटात श्वास भरा आणि कुणीतरी ठोसा मारणार आहे असं समजून पोट कडक करा. बरगड्या खाली. बार खांद्यांपेक्षा किंचित रुंद धरा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात बारच्या खाली उभा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बारला तोंडाला वळसा घालून जाऊ देऊ नका. हनुवटी आत घेऊन तोंडच बाजूला करा, बार सरळ वर जाऊ द्या. कपाळ ओलांडलं की खिडकीतून डोकावल्यासारखं डोकं पुढे आणा. शेवटी बार पावलांच्या मध्यावर आला पाहिजे.

कुणाकुणाची अडचण वेगळी असते. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसल्यावर खांदे इतके आखडतात की हात सरळ वर जातच नाहीत. मग उरलेलं काम कंबर बाक देऊन करते. तपासायचं असेल तर भिंतीला पाठ आणि कंबर टेकून उभे रहा आणि दोन्ही हात वर न्या. हात भिंतीला लागायच्या आधीच कंबर सुटते? मग तूर्त बार ठेवा बाजूला. एक गुडघा जमिनीला टेकवून, एका हाताने हलकं डंबेल वर न्या. त्या बैठकीत कंबरेला बाक देणं अवघड जातं. जोडीला खांद्यांची आणि पाठीच्या वरच्या भागाची हालचाल रोज करा. पट्टा बांधला की सगळं माफ, हाही गैरसमज आहे. पट्टा पोटाला दाबायला आधार देतो, मागे झुकायचा परवाना देत नाही.

आणि दुखलंच तर? दोन्ही बाजूंना स्नायू आखडल्यासारखे वाटले आणि दोन-तीन दिवसांत उतरले, तर ठीक. पण कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर रूममेटच्या बामवर विसंबू नका, डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांमध्ये बधिरपणा आला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

सरांना आणि रेक्टर साहेबांना एक विनंती. नवी मशीन नंतर आणा. आधी संध्याकाळच्या दोन तासांसाठी एक जाणकार माणूस द्या. आणि मित्रांनो, आपल्यासाठी एक साधा नियम. 'अजून एक' ओरडायचा हक्क फक्त त्याला, जो बाजूला उभा राहून उचलणाऱ्याची कंबर बघतोय. बाक दिसला की सेट संपला. चौथा की पाचवा, हा प्रश्नच नाही.

तो फर्स्ट इयरवाला आता पुन्हा येतो. रिकाम्या बारपासून सुरुवात करून 30 किलोपर्यंत पोचलाय, आणि उभा राहतो अगदी सरळ. परवा मी माझा शेवटचा रेटत होतो, तर मागून आवाज आला, "दादा, बरगड्या!" मी गुपचूप बार खाली ठेवला.

बघा, पटतंय का!