मटार साठवा, पण गोठवून

थंडीत मटार स्वस्त झाला की घरातील ज्येष्ठ मंडळी शेंगा सोलण्याच्या कामात आनंदाने सामील होतात. त्यानंतरचा प्रश्न साठवणीचा. माझे उत्तर ठाम आहे: मटार गोठवावा, मिठाच्या पाण्यात, बरणीत हवाबंद करून कपाटात ठेवू नये.

याचे कारण गंभीर आहे. मटारात आम्लता अत्यल्प असते. मातीत सर्वत्र आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि हवाबंद बरणीत ती वाढून विष निर्माण करतात. कारखान्यात डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवतात; स्वयंपाकघरात ते नेमकेपणाने साधत नाही. शिवाय या विषामुळे वास वा चव बिघडेलच असे नाही. एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, घास गिळता न येणे ही त्याची लक्षणे. वृद्ध व्यक्तीत ती पक्षाघाताची वाटू शकतात. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले होते, हेही तेथे सांगावे.

गोठवण्याची रीत सोपी आहे. भरपूर उकळत्या पाण्यात दाणे दीड ते दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात घालावेत. रंग, चव बिघडवणारी एन्झाइम्स त्यामुळे निष्क्रिय होतात. हिरवेपणासाठी सोडा मुळीच घालू नये. त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात नाहक सोडियम जाते. दाणे फडक्यावर पूर्ण कोरडे करून, एका वेळेस लागतील एवढ्याच लहान पिशव्या भराव्यात व तारीख लिहावी. उणे १८ अंशांना ते आठ-दहा महिने उत्तम राहतात. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये मात्र काही आठवड्यांतच संपवावेत. वीज बराच वेळ जाऊन दाणे वितळून कोमट झाले असतील, तर जीव हळहळला तरी टाकून द्यावेत.

मधुमेहींनी मटार पालेभाजीत मोजू नये. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १४ ग्रॅम कर्बोदके असतात, तेव्हा त्या जेवणात पोळी वा भात थोडा कमी घ्यावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होणाऱ्यांना अखंड दाणा कधीही देऊ नये. मऊ शिजवून, वाटून, साल गाळून, तज्ज्ञांनी सांगितला असेल तेवढाच दाटपणा ठेवून द्यावा.