एका बिस्किटाने काय होतं?

संपादक महोदय,


गाडीत बाळासाठी वेगळा खाऊ कालवणाऱ्या आईला आपल्या एका वाचकाने ‘एका बिस्किटाने काय होतं?’ असे विचारले आहे. माझ्या दहा महिन्यांच्या मुलाला गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. बहुतेक बिस्किटांत दुधाची पावडर असते. एका तुकड्याने त्याचे ओठ सुजतात, अंगभर गांध्या उठतात. शेळीचे दूधही चालत नाही. त्यातली प्रथिने बरीचशी तशीच असतात.

म्हणून ज्वारीच्या लाह्या आणि डाळे घरी दळून, बारीक चाळून नेते. थर्मासमधले उकळलेले पाणी घातले, गुठळ्या मोडल्या, वर केळे कुस्करले की जेवण तयार. लाह्या-डाळे आधीच भाजलेले, त्यामुळे शेगडी लागत नाही. शिजवलेली खिचडी मेच्या उकाड्यात डब्यात तासन्‌तास ठेवून भरवायला मी धजत नाही. वाटी-चमचाही त्याचा वेगळाच.

त्या वाचकाने याला फाजील लाड म्हणणे मला फार लागले. शेजारच्या आजी मायेनेच पेढ्याचा कण पुढे करतात, हे कळते. पण आधी आईला विचारावे. सुट्या खाऊवर तर घटकही छापलेले नसतात.

— एक आई, मिरज