शेवाळाची कॅप्सूल घ्या, पण शुगरची गोळी सोडू नका

रमजानमध्ये आपल्या घरोघरी चायना ग्रास होते. दुधात शिजवायचे, साखर-इलायची घालायची, थंड करून इफ्तारला वड्या कापायच्या. हे चायना ग्रास समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढतात, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब मुक्ताईनगरात राहूनही आपण शेवाळ खातच आलो आहोत. आता शेवाळाच्या कॅप्सूलची जाहिरात ‘शुगरवर कुदरती इलाज’ म्हणून मोबाईलवर फिरते आहे.

आमच्या ओळखीच्या एका खालांनी असाच एक मेसेज वाचला आणि डॉक्टरांना न विचारता रोजची गोळी बंद केली. काही आठवड्यांत शुगर इतकी चढली की पायाची साधी जखम भरेना. म्हणून हा विषय लिहावासा वाटला.

मुळात बातमी खोटी नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शेवाळापासून टाइप टू मधुमेहासाठी पूरक कॅप्सूल तयार केली आहे. ‘कॅडलमिन’ या नावाने ती बाजारात आली. केंद्र सरकारनेही २०२० मध्ये मत्स्य संपदा योजनेत शेवाळ शेतीसाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. म्हणजे असा माल पुढे वाढतच जाणार.

शेवाळातला चिकट तंतू पोटात फुगतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. काही घटक पिष्टाची साखर करणाऱ्या पाचकरसाला अडवतात. हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण माणसांवरच्या चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या आहेत. म्हणून ही कॅप्सूल ‘पूरक’ आहे, औषधाच्या जागी घेण्याची वस्तू नाही. अन्नसुरक्षा कायद्यानुसारही पूरक आहार विकणाऱ्याला ‘आजार बरा होतो’ असा दावा करता येत नाही. असा दावा करणाऱ्यापासून लांबच राहावे.

कुदरती आहे म्हणजे नुकसान नाही, असेही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. काही तपकिरी शेवाळात ते कितीतरी जास्त असते, त्यामुळे थायरॉइडवाल्यांनी जपावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली येण्याची भीती असते. आणि कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते कशापासून बनले, हेही आपण विचारले पाहिजे.

मग लोक गोळी का सोडतात? ‘गोळ्यांनी किडनी खराब होते’ ही भीती घराघरांत बसली आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. किडनी, डोळे आणि पाय खराब करते ती ताब्यात नसलेली शुगर. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या मोहल्ल्यातलेही त्यात आहेतच.

तेव्हा आधी जे हाताशी आहे ते करू या. तिशी ओलांडलेल्यांची शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. मेटफॉर्मिनही तिथे मिळते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी डॉक्टरांना विचारून करावी. मैद्याच्या पावापेक्षा आपली कळण्याची भाकरी बरी, पण तीही मोजून. केळीच्या गावात राहतो म्हणून दिवसाला चार केळी खाऊन चालत नाही. रोजे सुरू होण्याआधी गोळ्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

एवढे करूनही कॅप्सूल घ्यावीशी वाटली तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, लेबल दाखवा, मगच घ्या. शरीर ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे. दुआ जरूर करा, पण दवाही चालू ठेवा. कुणाच्या मेसेजवरून आपल्या अम्मी-अब्बांची गोळी बंद होऊ देऊ नका.