‘सून आहे ना घरी!’

डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांना मदत द्या म्हटले की ठरलेले उत्तर येते: आईवडिलांची सेवा हे कर्तव्य, त्याचा मोबदला कसला? कर्तव्य साऱ्या घराचे, पण काम बहुधा एकीच्याच गळ्यात पडते. ती सून असते, बायको असते, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात या रुग्णांच्या देखभालीतले ७० टक्के तास बायकांचे असतात. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रासलेले आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

‘माया असली की सगळे जमते,’ असेही म्हणतात. नाही जमत. राहत्या घरातच सासरे संध्याकाळी ‘मला घरी सोडा’ म्हणून दाराशी जातात. ‘अहो, हेच आपले घर’ असे सून दहादा समजावते आणि त्यांची घालमेल वाढतच जाते. हुज्जत न घालता विषय बदलावा, चहा द्यावा, अंगणात एक फेरी मारून आणावे, हे शिकवावे लागते. तिला ते कुणी शिकवलेलेच नसते.

मग शेवटचा आक्षेप: एवढे तज्ज्ञ आणणार कुठून? याचे उत्तर गोव्यात मिळाले आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८१ कुटुंबांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. जुजबी प्रशिक्षण घेतलेले स्थानिक सल्लागार सहा महिने घरोघरी जात, ऐकून घेत, आजार समजावत, मार्ग सुचवत. त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. या भेटींमुळे देखभाल करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारले.

कायदाही आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २४व्या कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता सांगितला आहे, आणि त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाड येतो. मात्र भत्त्याला राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत काळजीवाहकांना दरमहा ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी खरी, पण घरात कुणीतरी राबते आहे याची नोंद सरकारदरबारी झाली.

महाराष्ट्राने याहून पुढे जावे. गोव्यासारखे सल्लागार प्रत्येक तालुक्यात नेमावेत आणि त्यांना नियमित पगार द्यावा. आधीच कामाने वाकलेल्या आशा सेविकांवर हा भार फुकट टाकू नये. रुग्णाला दिवसभर सांभाळणारे केंद्रही तालुक्यातच हवे, म्हणजे त्या सुनेला स्वतःच्या दुखण्यासाठी तरी दवाखाना गाठता येईल.