कोणत्या माणसाचं युग?



हवामान बदलावर या अंकासाठी लेख मागवले तेव्हा मला वाटलं होतं, सगळ्याजणी साधारण एकच लिहितील. ऊन तेच, लहरी झालेला पाऊसही तोच. पण निरनिराळ्या विषयांतल्या अभ्यासकांचे लेख शेजारी ठेवून वाचले आणि जाणवलं, की प्रत्येक शास्त्र आपापली गोष्ट सांगतं. गोष्ट कुठून सुरू करायची, यावरच दोष कोणाचा हे ठरतं.

भूशास्त्राची गोष्ट खडकांत आणि गाळांत लिहिलेली असते. २००० साली पॉल क्रुट्झन आणि यूजीन स्टॉर्मर यांनी 'अँथ्रोपोसीन', म्हणजे मानवयुग, हा शब्द पुढे आणला. या युगाची सुरुवात १९५० च्या सुमारास, अणुचाचण्यांचं प्लुटोनियम गाळात सापडतं तिथून धरावी, असा प्रस्ताव आला. मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तो मतदानाने फेटाळला, पण शब्द रुळला आहे. या गोष्टीत 'मानव' एकच आहे. कोळसा कोणी जाळला आणि गोवऱ्या कोणी थापल्या, हे गाळाच्या थरात दिसत नाही.

अर्थशास्त्राची गोष्ट हिशोबाची. उद्याच्या नुकसानीची किंमत आज किती धरायची, हा त्यातला कळीचा प्रश्न. दरसाल ५ टक्के वटाव धरला, तर शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान आज अवघं ७६ पैशांचं ठरतं. नातीच्या नातीची किंमत एवढीच! शिवाय उन्हाने आजारी पडलेल्याची घरात केलेली शुश्रूषा राष्ट्रीय उत्पन्नात येतच नाही. मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्येच हे खडसावून सांगितलं होतं.

इतिहासकारांत वाद आहे. माणसाचा इतिहास आणि निसर्गाचा इतिहास आता वेगळे ठेवता येणार नाहीत, असं दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये मांडलं. त्यावर काहीजण म्हणतात, हे मानवाचं नव्हे, भांडवलाचं युग म्हणा. आपल्याकडे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच विचारलं होतं, की गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा तोलता?

आणि आपली गोष्ट? बाई म्हणजे निसर्गाची जिवलग, ती जात्याच धरतीची राखणदार, ही गोष्ट आपल्याला गोड वाटते. आमच्या अंकांतूनही ती आम्ही कौतुकाने छापली, हे कबूल केलं पाहिजे. बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. बाईचं निसर्गाशी नातं तिच्या स्वभावातून येत नाही. जमीन कोणाच्या नावावर, काम कोणाच्या वाट्याला, वर्ग आणि जात कोणती, यांतून ते घडतं. ही टीका मला पटते. राखणदार म्हटलं की रोपं जगवायचं काम बाईकडे येतं. सातबारा मात्र नवऱ्याच्याच नावावर राहतो.

या सगळ्या गोष्टींत बीडची ऊसतोड करणारी बाई कुठे बसवायची? पाऊस गेला, गावात काम नाही, म्हणून मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. खाडा झाला की पैसे कापले जाणार. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा. तिथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारने समिती नेमली. वैद्यकाने तिला रुग्ण म्हटलं, अर्थशास्त्राने हंगामी मजूर, हवामानशास्त्राने तर तिची नोंदच घेतली नाही. सगळा दोष तापमानाचा नाही, हे खरं. जमीन नसणं, उचलीचं कर्ज, दवाखान्यांचा धंदा हे आधीपासून होतंच. पण दुष्काळ वाढले, तर ते याच वाटेने तिच्या शरीरापर्यंत पोचणार आहेत. ही साखळी एका शास्त्राला दिसत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात तिची एकेक कडी आहे.

म्हणून शास्त्रं टाकून द्यायची नाहीत. तापमापकावाचून आपलं म्हणणं कोणी ऐकणार नाही. पण कड्या जोडायचं काम आपल्यालाच करावं लागेल, आणि त्यासाठी हातात नोंदी हव्यात. प्रत्येक गटाने एक साधी वही घालावी. विहीर कोणत्या महिन्यात आटली, पाण्याला रोज किती तास गेले, उन्हामुळे किती रोज बुडाले, कोण आजारी पडलं आणि त्याचं कोणी केलं. वर्षभराने ही वही ग्रामसभेत ठेवता येईल, तहसीलदारापुढे आणि शास्त्रज्ञांपुढेही.

पुढल्या अंकात या वह्यांतली पानं छापायची आहेत. अक्षर, भाषा कशीही असो, पाठवा. 'मानवाने पृथ्वी तापवली' असं पुन्हा कोणी शिबिरात सांगितलं, तर कोणत्या मानवाने, हे विचारताना आपल्या हातात ती वही असू दे.

संपादक मंडळाच्या वतीने